पालथ्या पाट्या

विद्यापीठात त्यांना सगळे 'सभापती' म्हणत. त्या हाकेत मान थोडा आणि टिंगल जास्त. काम म्हणाल तर शिपायाचं. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या संस्थेचं तळमजल्यावर एक मोठं दालन होतं. ते उघडायचं, झाडायचं, गोल टेबलावर पांढरं कापड घालायचं, पाहुण्यांच्या नावांच्या पाट्या मांडायच्या, एवढेएवढे झेंडे सरळ करायचे, पेले भरायचे आणि सगळं उरकलं की कुलूप घालायचं. पण दाराजवळच्या भिंतीला टेकून त्यांनी इतक्या परिषदा ऐकल्या होत्या, की एका वर्षीच्या विद्यार्थ्यांनी त्यांना हे पद बहाल केलं आणि पुढच्या प्रत्येक वर्षीच्यांनी ते कायम ठेवलं. पगार मात्र शिपायाचाच राहिला.

सभापतींची या संस्थेवर श्रद्धा होती. हे मी गमतीने म्हणत नाही. देशादेशांनी बंदुका खाली ठेवून बोलावं आणि कसं बोलावं ते पोरांनी शिकावं, यासाठी एवढी इमारत बांधली आहे आणि तिच्या किल्ल्या आपल्या कमरेला आहेत, याचं त्यांना मनापासून अप्रूप होतं. चाळीत नळावर भांडण लागलं तरी ते मध्ये पडत. "बोला, बोला. बोललं की अर्धं मिटतं." त्यांची बायको जिन्यावरून विचारायची, "आणि उरलेलं अर्धं कोण मिटवणार, तुमची परिषद?"

त्या दालनाचे दोन रिवाज होते, ते आधी सांगायला हवेत.

पहिला पाट्यांचा. बंद दाराची बैठक सुरू झाली, की सभापती टेबलाभोवती फिरून प्रत्येकाच्या नावाची पाटी पालथी घालत. याचा अर्थ असा, की आता इथे जे ऐकाल ते बाहेर खुशाल सांगा, पण कोण बोललं ते सांगायचं नाही. बाहेरच्यांना हा पोरखेळ वाटे. सभापतींनाही आधी वाटला होता. मग एकदा शेजारच्या देशातला एक प्राध्यापक आला, मऊ बोलणारा, दर तासाला चहा मागणारा. पाट्या पालथ्या असताना तो आपल्या सरकारविरुद्ध दोन वाक्यं बोलला. एका उत्साही विद्यार्थ्याने ती नावासकट वर्तमानपत्रात छापून आणली. प्राध्यापक परत गेला तो विमानतळावरूनच उचलला गेला, पुन्हा कुणाला दिसला नाही. विद्यार्थी पुढे कुठेतरी मोठ्या हुद्द्यावर चढला. तेव्हापासून सभापती पाट्या पालथ्या घालताना एका हाताने टेबल धरत आणि पाटीचा आवाज होऊ देत नसत.

दुसरा रिवाज बाजूच्या फळ्याचा. बोलताबोलता एखाद्या मुद्द्यावर पाहुणे हमरीतुमरीवर आले, की बैठक चालवणारे प्राध्यापक उठत, तो मुद्दा कोपऱ्यातल्या पांढऱ्या फळ्यावर निळ्या पेनाने लिहीत आणि म्हणत, "हा आपण नंतर घेऊ." नंतर म्हणजे कधी, हे कुणी विचारत नसे. त्या फळ्यावर गेलेला प्रश्न टेबलावर परत आलेला सभापतींनी तरी पाहिला नव्हता. सगळी भिजत घोंगडी तिथे एकावर एक पडत आणि शेवटच्या दिवशी फोटोच्या आधी ओल्या फडक्याने फळा पुसून घ्यायचा. पुसणारे अर्थात सभापतीच.

आता घरचं. सभापतींचा एकुलता एक मुलगा ट्रक चालवायचा. सीमेपलीकडे सिमेंट पोचवायचा आणि रिकामा परत यायचा. दोन देशांचं तेव्हा बरं चाललं होतं. मग एका पहाटे सीमेवरच्या नाक्यावर गोळीबार झाला, नाका बंद झाला आणि पलीकडे अडकलेले ड्रायव्हर तिथल्या सैन्याने धरले. काही जण महिन्याभरात सुटले. त्यांनी येऊन सांगितलं, की पोराला नाक्यामागच्या छावणीत पाहिलं होतं, चांगला होता, शिव्या देत होता. त्यानंतर काही नाही. सरकारी कचेरीत जावं तर एकच उत्तर, चौकशी चालू आहे. वर्षं गेली, कचेरीतला साहेब बदलला, पंखा बदलला, उत्तर तेच.

बायको रोज चार ताटं मांडायची. चौथं पालथं ठेवायची, धूळ बसू नये म्हणून.

घरात सून होती. औषधांच्या दुकानात कामाला जायची, येताना सासूच्या गोळ्या आणायची. तोंडाने कमी, हाताने जास्त. दुकानातल्या हिशेबनिसाने, बायको वारलेला शांत माणूस होता तो, तिला लग्नाचं विचारलं, तेव्हा तिने ते लपवलं नाही. घरी येऊन सासू-सासऱ्यांना समोर बसवून सांगितलं. सासूने तोंड फिरवलं.

"मला जायचंय असं नाही, बाबा," सून म्हणाली. "मला कळायला हवं. आहे म्हणा, मी थांबते. नाही म्हणा, मी रडते. हे मधलं नको. हे मला आता झेपत नाही."

एवढं एकच मागणं होतं तिचं आणि ते बिनतोड होतं.

सभापती दुसऱ्या दिवशी संचालक बाईंच्या खोलीत गेले. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची जुनी सवय. आधी दालनातल्या दिव्याचं बटण बिघडल्याचं सांगितलं, मग पडदे धुवायला टाकायचे का ते विचारलं. बाईंनी चष्मा काढला. "काका, बसा. काय झालंय?"

मग त्यांनी सांगितलं. दरवर्षी त्या देशाची माणसं इथे येतात, टेबलाला बसतात, मी त्यांना पाणी देतो. पाहुण्यांशी बोलायचं नाही असा नियम आहे, तो मी मोडलेला नाही. पण तुमच्यापैकी कुणी एकदा विचारलं तर.

बाई चांगल्या होत्या. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना दोष देईल. त्यांनी लगेच कार्यक्रमपत्रिका ओढली आणि दुसऱ्या दिवसाच्या दुपारी 'अडकलेली माणसं' असा विषय घातला. "या वर्षी बोलूच," म्हणाल्या.

परिषदेच्या त्या दुपारी सभापतींनी कापडाच्या चुण्या दोनदा काढल्या, पाट्या पालथ्या घातल्या आणि पाण्याचा जग घेऊन भिंतीशी उभे राहिले. विषय निघाला. आपल्या बाजूच्या निवृत्त राजदूताने घसा साफ करून सुरुवात केली. समोरच्या बाजूला एक निवृत्त कर्नल बसले होते, आखूड केसांचे, ताठ. त्यांच्या शेजारचा मंत्रालयातला माणूस ताडकन म्हणाला, "आधी तुमच्या तुरुंगात आमचे किती आहेत ते सांगा." राजदूत म्हणाले, तो प्रश्न वेगळा. तो म्हणाला, वेगळा कसा? आवाज चढले. कुणीतरी टेबलावर हात आपटला, एक झेंडा आडवा झाला. कर्नल मात्र एक शब्द बोलले नाहीत, आपल्या पालथ्या पाटीकडे बघत बसले.

बैठक चालवणारे प्राध्यापक उठले. "दोन दिवस इतकं छान वातावरण आहे," ते हसत म्हणाले. "ते आपण बिघडवायला नको. हा विषय बाजूच्या फळ्यावर घेऊ." आणि निळ्या पेनाने लिहिलं, अडकलेली माणसं. लोक सैल झाले. पुढचा विषय व्यापाराचा होता.

सभापतींनी आडवा झालेला झेंडा सरळ केला. फळ्याकडे बघताना त्यांना आठवलं, की हे शब्द त्यांनी याच फळ्यावर पूर्वीही पाहिले होते. एकदा नाही, बऱ्याचदा. तेव्हा पोरगा शाळेत असेल. तेव्हाही फोटोच्या आधी त्यांनीच ते पुसले होते आणि पुसताना मनात विचार काय, तर चहा जास्त उकळला असेल. कुणाची पोरं होती ती? कुणाचा बाप तेव्हा कुठल्या कचेरीच्या बाकावर बसला असेल? त्यांना स्वतःची शिसारी आली.

शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत बंद दाराची बैठक चालली. मोठे पाहुणे येणार म्हणून मग एकदम घाई झाली. बाई दारात आल्या, "काका," म्हणाल्या. त्यांनी नुसता फळ्याकडे हात केला. फोटो काढणारा तिथून कोन बघत होता. सभापतींनी फडकं ओलं केलं आणि पुसलं. निळी शाई सहजासहजी जात नाही, जोर लावावा लागतो.

दालनात दोनचार फोटो झाले आणि मंडळी हिरवळीवर मोठ्या फोटोसाठी गेली. सभापती उष्टे पेले गोळा करत होते, तेवढ्यात कर्नल एकटेच परत आले. त्यांची भाषा जवळजवळ आपलीच, फक्त हेल वेगळा.

"चष्मा राहिला बहुतेक," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशात दिसत होता. थोडं थांबून म्हणाले, "नाक्यावर धरलेल्यांत तुमचा मुलगा होता. तुमच्या बाईंनी मला जेवताना सांगितलं."

सभापतींच्या हातात पेल्यांचा ट्रे होता. तो खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

कर्नलनी टेबलाकडे पाहिलं. "पाट्या अजून पालथ्या आहेत ना?"

"आहेत, साहेब."

"मग ऐका. तो भाग तेव्हा माझ्या हाताखाली होता. हिवाळ्यात छावणीत ताप आला. रस्ता बंद, औषध पोचलं नाही. मी मागितलं होतं. पोचलं नाही. तिथून कुणालाही दुसरीकडे हलवलेलं नाही. चौकशीला काय सांगतात ते सांगू देत. नाक्यामागे उतार आहे, तिथे आम्ही त्यांना पुरलं."

"सगळ्यांना?"

"उरले होते त्या सगळ्यांना." कर्नल खालच्या आवाजात बोलत होते, पण अडखळत नव्हते. हे त्यांनी मनात पुष्कळदा म्हटलेलं असावं. "नावं मला येत नाहीत. डाव्या हाताचं एक बोट अर्धंच असलेला एक पोरगा होता. ड्रायव्हर. स्वतःला ताप असून बाकीच्यांना पाणी पाजत फिरायचा. तो शेवटी गेला."

बोट जॅकखाली सापडून तुटलं होतं. सभापती त्याला स्वतः दवाखान्यात घेऊन गेले होते आणि वाटभर ओरडले होते.

"तोच," ते म्हणाले.

"हे मी तुम्हाला या दालनात सांगितलं," कर्नल म्हणाले. "माझं नाव बाहेर आलं तर मी गेलो. माझं एक सोडा. घरी दोन मुली आहेत." त्यांनी हात पुढे केला, ट्रे बघून मागे घेतला आणि निघून गेले. बाहेर हिरवळीवर फोटोवाला सगळ्यांना हसा म्हणत होता.

सभापतींनी पाट्या सरळ केल्या, पुसल्या, कपाटात ठेवल्या. कर्नलची पाटीही ठेवली. पुढच्या वर्षी लागतेच.

घरी पोचले तेव्हा बायको तांदूळ निवडत बसली होती, सून कपडे घड्या करत होती. त्यांनी चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. बसून सांगितलं असतं तर सांगताच आलं नसतं.

"आपला पोरगा गेला. त्याच हिवाळ्यात. तापाने."

बायकोचा हात थांबला. "कोण म्हणालं?"

"कळलं मला."

"कुणाकडून कळलं?"

"नाव सांगता येत नाही. दालनातलं आहे."

ती उठली. "अहो, शेजारणीचं मांजर हरवलं तर ती सांगते कुणी पाहिलं, कुठे पाहिलं. आणि माझा लेक गेला हे सांगणाऱ्याला नाव नाही?"

"बोटाचं सांगितलं त्याने. अर्ध्या बोटाचं."

"बोटाचं तुम्हालाही ठाऊक आहे!" आता तिचा आवाज चाळभर गेला असेल. "मला कळत नाही का? हिला मोकळी करायचीय तुम्हाला. सुनेची दया आली आणि माझ्या लेकाला मारून टाकलंत. सही ना शिक्का, कुणीतरी म्हणालं म्हणे!"

सभापतींना बोलता येईना. जन्मभर दुसऱ्यांना बोला बोला म्हणणारा माणूस. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सुनेने हातातला सदरा खाली ठेवला. तो नवऱ्याचाच होता, दर महिन्याला ती तो धुवायची. "बोटाचं तो आपण होऊन बोलला, बाबा? तुम्ही विचारायच्या आधी?"

"आपण होऊन."

ती तिथेच भिंतीला पाठ लावून बसली आणि रडू लागली. सासूने तिचा दंड धरून तिला उठवलं. "माझ्या घरात रडायचं नाही. इथे कुणी मेलेलं नाही."

आणि खरंच, त्या घरात कुणी रडलं नाही. सून दुकानाच्या मागच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांमध्ये रडून घ्यायची आणि डोळे धुऊन घरी यायची.

सभापती संचालक बाईंकडे गेले. कुणी सांगितलं ते त्यांनी बाईंनाही सांगितलं नाही. काय सांगितलं तेवढं सांगितलं आणि मृत्यूच्या दाखल्यासाठी तसं लिहून मागितलं. बाईंना कुणी ते कळलंच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काका, मी लिहून दिलं तर कुणी सांगितलं तेही लिहावं लागेल. ते लिहिलं तर तो माणूस संपला. आणि पुढच्या वर्षी त्या बाजूने इथे कुणी यायचं नाही."

"नाही आले तर?"

"मग बोलणंच बंद." त्यांनी नाक पुसलं. "आपल्या अहवालात एक ओळ घालते. मेले, पुरले असं लिहिलं तर सांगणारा तिथे होता हे उघड होईल, हलवलं नाही इतकंच लिहिता येईल. एवढंच मला करता येतं."

ओळ छापून आली. 'एका सहभागी व्यक्तीच्या म्हणण्यानुसार, नाक्यावरून ताब्यात घेतलेल्यांपैकी छावणीत उरलेल्या कोणालाही अन्यत्र हलवण्यात आले नव्हते.' ते पुस्तक घेऊन सभापती मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीशी गेले. कारकून वाईट नव्हता, त्याने ओळ दोनदा वाचली.

"एका म्हणजे कुणाच्या?"

"ते सांगता येत नाही."

"आणि मेला असं यात कुठे म्हटलंय?"

"हलवलं नाही असं म्हटलंय."

"आजोबा," कारकून पुस्तक परत देत म्हणाला, "हलवलं नाही म्हणजे तो तिथेच आहे."

रांगेतला मागचा माणूस हसला. सभापतींनी पुस्तक पिशवीत घातलं.

जिना चढताना सून भेटली. तिने तोंडाकडे बघूनच ओळखलं. "बाबा, त्याचं नाव सांगितलं तर काम होईल?"

"होईल बहुधा. वर्तमानपत्रवाले येतील, सरकारलाही हलावं लागेल. आईलाही पटेल."

"आणि त्याचं काय होईल?"

सभापतींनी तिला त्या चहा पिणाऱ्या प्राध्यापकाची गोष्ट सांगितली. ती कठड्याला धरून ऐकत राहिली.

"त्याला मुलं आहेत?"

"दोन मुली."

खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. "मग राहू दे," ती म्हणाली आणि त्यांच्या हातातली पिशवी घेऊन पुढे चढू लागली.

हिशेबनीस थांबला होता. पण माणूस किती थांबणार? दाखला नाही तर लग्न नाही. पुढे त्याने दुसरीकडे लग्न केलं. दुकानात तो अजूनही सुनेशी अदबीने बोलतो. ती अजून सून आहे. विधवाही नाही, सवाष्णही नाही. सासू तिला आता पूर्वीपेक्षा जपते, स्वतःच्या हाताने वाढते, कारण ही घरात आहे तोवर आपला लेक जिवंत आहे, असं तिने मनाशी ठरवलं आहे. जपणं इतकं जाचक असू शकतं, हे मी त्या घरात पाहिलं.

पुढच्या वर्षी कर्नल आले. थोडे वाकले होते. बंद दाराची बैठक सुरू झाली आणि सभापती पाट्या पालथ्या घालत टेबलाभोवती फिरले. कर्नलची पाटी शेवटची होती. ती हातात घेतल्यावर मात्र ते थांबले. ते नाव त्यांनी नीट वाचलं. दाखला, बायको, सून, सगळं त्या एका ओळीत होतं, ती मोठ्याने वाचायचीच काय ती खोटी. बाई खुर्चीत ताठ झाल्या. टेबलावरची कुजबुज थांबली. कर्नलनी मान वर केली नाही, दोन्ही हात मांडीवर ठेवून ते वाट बघत राहिले, शिक्षा ऐकायला उभा केलेला माणूस वाट बघतो तसे.

सभापतींनी पाटी पालथी घातली. आवाज झाला नाही.

त्या दुपारी 'अडकलेली माणसं' पुन्हा बाजूच्या फळ्यावर गेली. शेवटच्या दिवशी पुन्हा फोटो झाला.

संध्याकाळी घरी आले तेव्हा बायको आत चुलीशी होती. बाहेर चार ताटं मांडलेली, चौथं पालथं. सून पेले लावत होती. तिने आवाज अगदी खाली आणून विचारलं, "आला होता?"

"आला होता."

"काही बोलला?"

"पाणी मागितलं."

सुनेचा हात पेल्यावर थांबला. "दिलंत?"

"दिलं."

"कोण आलं होतं?" बायकोने आतून विचारलं. "कुणाबद्दल बोलताय?"

सुनेने पेले भरले, चौथाही भरला आणि सभापती जेवायला बसले.